मुलांना केंद्र सरकार शिकवायचंय? वही मिटा आणि दादर स्टेशनवर चला

पाचवी ते आठवीच्या मुलांना देशाचं सरकार शिकवायला बसलेली मोठी माणसं बहुतेक एकाच जागी घसरतात. वही उघडायला लावतात आणि सांगतात, ‘लिहा. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान…’ मुलं लिहितात, पाठ करतात, पेपरात मार्कही मिळवतात. आठवड्याने त्याच मुलाला विचारा, ‘आपल्या गल्लीतला खड्डा कोणी बुजवायचा?’ तो छातीठोकपणे सांगतो, ‘पंतप्रधानांनी.’

आमच्या इमारतीतल्या मुलांना मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी हे शिकवते. पहिल्या वर्षी १८५७ पासून सुरुवात केली होती. तिसऱ्या रविवारी टिळकांपर्यंत पोचले तेव्हा सतरंजीवर चारच मुलं उरली होती, त्यातली दोन माझ्या घरचीच. मुलं वाईट नव्हती, माझा क्रम वाईट होता. आता क्रम असा ठेवते: आधी रस्ता, मग खिसा, मग निवडणूक, मग कायदा आणि इतिहास अगदी शेवटी. तो बदलू नका.

## तयारी: आठवडाभर आधी

सात रविवार धरा, दर रविवारी एक तास. दीड तास ताणला की मुलं पुढच्या वेळी येत नाहीत.

आधी स्वतःचा अभ्यास करा. तुमचा लोकसभा मतदारसंघ कोणता, विधानसभेचा कोणता आणि महापालिकेचा प्रभाग कोणता, हे शोधून एका कागदावर लिहा. मुंबईत लोकसभेच्या ६ जागा, विधानसभेच्या ३६ आणि महापालिकेचे २२७ प्रभाग आहेत. आमच्याकडच्या एका पालकसभेत मी हा प्रश्न टाकला तेव्हा तिन्हींची उत्तरं एकालाही देता आली नाहीत. मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लोकसभा आणि विधानसभेचे मतदारसंघ सापडतात.

सावध: पत्त्यावरून अंदाज बांधू नका. चेंबूर पूर्व उपनगरात असलं तरी लोकसभेला ते दक्षिण मध्य मुंबईत मोडतं, धारावी आणि माहीमच्या जोडीला.

मग एका पिशवीत वस्तू जमवा: हॉटेलचं छापील बिल, रेल्वेचा पास, बेस्टचं तिकीट, पासपोर्ट, शाईचा शिक्का पडलेलं पोस्टाचं पाकीट, दहाची नोट, मूठभर नाणी आणि मिळाली तर एक रुपयाची कागदी नोट. ती हल्ली लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरच चिकटलेली सापडते. शिवाय चार्ट पेपर, स्केचपेन आणि चपलांचा एक रिकामा खोका.

पालकांना एक गोष्ट आधीच बजावून ठेवा: वर्गात कुठल्याही पक्षाचं नाव निघणार नाही, चांगल्या अर्थानेही नाही. माझा हा एकच नियम कडक आहे. एका काकांनी मागून ‘पण खरं सांगायचं तर…’ म्हणून सुरुवात केली आणि त्या रविवारचा उरलेला वेळ मोठ्यांच्या भांडणात गेला.

## टप्पा १: एका फेरीत तीन सरकारं

पहिल्या रविवारी वर्ग नाहीच. मुलांना घेऊन जवळच्या स्टेशनवर जा. आम्ही दादरला जातो, कारण तिथे पन्नास पावलांत सगळं सापडतं.

प्लॅटफॉर्मवर उभं राहून विचारा, ‘ही गाडी कोणाची?’ रेल्वे केंद्र सरकारची. आमच्या चौथीतल्या एका मुलाने लगेच तर्क लढवला होता: सेंट्रल रेल्वे केंद्राची, म्हणजे वेस्टर्न राज्याची. तर्क झकास, पण उत्तर चूक. दोन्ही केंद्राच्याच, आणि दोन्हींची मुख्यालयं मुंबईतच आहेत, एक सीएसएमटीला आणि एक चर्चगेटला.

आता पोलीस दाखवा. प्लॅटफॉर्मवर दोन वेगळे पोलीस असतात. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान केंद्राचे, त्यांचं मुख्य काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांची सुरक्षा. लोहमार्ग पोलीस राज्याचे, पाकीट मारलं गेलं तर तक्रार त्यांच्याकडे. एकाच छपराखाली दोन सरकारं आणि दोन गणवेश! मुलांना खांद्यावरची अक्षरं वाचू द्या. तिथे घाई करू नका, सगळ्या फेरीतली हीच जागा त्यांच्या डोक्यात पक्की बसते.

मग जिना उतरून बाहेर या. पायाखालचा फूटपाथ महापालिकेचा, कचऱ्याची गाडी महापालिकेची, बेस्टची बस महापालिकेच्या उपक्रमाची. चौकात शिट्टी मारणारा वाहतूक पोलीस राज्याचा. कोपऱ्यावरची लाल पोस्टाची पेटी पुन्हा केंद्राची.

परत आल्यावर चार्टवर चार रकाने आखा. तीन सरकारांचे तीन आणि चौथा ‘भागीदारीत’ असा. चौथा रकाना विसरलात की पुढे फजिती होते. रेशनचं धान्य मुख्यतः केंद्राकडून येतं, पण दुकानांवर देखरेख राज्याची. भुयारी मेट्रो ३ बांधणारी कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची. मुलं हे विचारतातच.

तपासणी: नळाचं पाणी, लोकलचा उशीर, पासपोर्ट, सिग्नल तोडणारी गाडी. प्रत्येकाची तक्रार कोणाकडे? चारपैकी तीन बरोबर आले तर पुढे चला. नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा स्टेशन.

## टप्पा २: खिशातलं केंद्र सरकार

केंद्र सरकार दिल्लीत असतं आणि आपल्याकडे फक्त टीव्हीवर येतं, अशी मुलांची पक्की समजूत असते. ती मोडायला पिशवीतल्या वस्तू पुरतात.

हॉटेलचं बिल घ्या. ४०० रुपयांचं खाल्लं, खाली दोन ओळी आहेत: सीजीएसटी अडीच टक्के १० रुपये, एसजीएसटी अडीच टक्के १० रुपये. एकूण ४२०. पहिले १० केंद्राचे, दुसरे १० महाराष्ट्राचे. म्हणजे मसाला डोसा खाताना मूलसुद्धा दोन सरकारांना कर देतं. ‘आम्ही कर भरत नाही, बाबा भरतात’ हे वाक्य त्यानंतर कोणी म्हणत नाही.

मग नोटा. दहाच्या नोटेवर ‘भारतीय रिझर्व्ह बँक’ आणि सही गव्हर्नरांची. एक रुपयाच्या नोटेवर ‘भारत सरकार’ आणि सही वित्त सचिवांची. नाण्यावर सालाच्या खाली बारीक चौकोनी हिऱ्यासारखी खूण दिसली तर ते नाणं फोर्टमधल्या टांकसाळीत पडलेलं. भिंग द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. नोटेच्या मागच्या पट्टीतल्या पंधरा भाषांत मराठी शोधायला लावा, देश केवढा आहे ते न सांगता कळतं.

## टप्पा ३: कोण कोणाला निवडतं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शाळाशाळांतून ‘बालसंसद’ भरते आणि मुलं थेट मतदान करून ‘पंतप्रधान’ निवडतात. ही चूक इतकी पसरली आहे की मोठेसुद्धा तसंच बोलतात. आपण पंतप्रधान निवडत नाही, खासदार निवडतो. लोकसभेचे ५४३ खासदार, त्यातले ४८ महाराष्ट्राचे. ज्याच्या मागे लोकसभेतलं बहुमत उभं आहे त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात.

खेळ असा मांडा:

१. इमारतीचे सात मजले म्हणजे सात मतदारसंघ. प्रत्येक मजल्यावर तीन मतदार. मुलं कमी पडली तर आजी-आजोबांना घ्या, ते मुलांपेक्षा जास्त उत्साही असतात.

२. दोन गट करा. आमच्याकडे ‘लवकर उठणारे’ आणि ‘उशिरा उठणारे’ असतात. खऱ्या पक्षांची चिन्हं टाळा. पतंग, शिट्टी, शिलाई मशीन अशी साधी दिसणारी चित्रंही बहुधा कोणाची तरी निशाणी असतात.

३. दर मजल्याचं मतदान वेगळं घ्या. खोका रिकामा आहे हे सगळ्यांना दाखवा, चिठ्ठ्या टाका, सगळ्यांसमोर मोजा आणि फळ्यावर मजल्यावार लिहा.

४. सात खासदार वेगळे बसवा. ज्या गटाकडे चार किंवा जास्त, त्याचा नेता पंतप्रधान. तो त्या सातांतून मंत्री निवडतो. राज्यसभा तयार झाली की तिथूनही निवडू शकतो.

एका वर्षी लवकर उठणाऱ्यांनी दोन मजले ३-० ने जिंकले आणि उरलेले पाचही १-२ ने गमावले. बेरीज केली तर त्यांची ११ मतं, समोरच्यांची १०. जागा मात्र दोन विरुद्ध पाच. त्यांची सहावीतली नेता फळ्यासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा बेरीज करत होती. ‘मला जास्त मतं पडली, मग मी हरले कशी?’ माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने जे झालं नसतं ते त्या बेरजेने झालं. असा निकाल आपणहून आला नाही तर तुम्ही आकडे लिहून दाखवा.

त्यानंतर राज्यसभा, थोडक्यात. ती जनता थेट निवडत नाही. महाराष्ट्रातले १९ राज्यसभा सदस्य आपले आमदार निवडतात. शिवाय १२ सदस्य राष्ट्रपती नेमतात. राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार आणि आमदार मिळून निवडतात, त्या मतदानात महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरलं जातं. फळ्यावर बाण काढा: मतदार ते खासदार, मतदार ते आमदार, आमदार ते राज्यसभा, खासदार आणि आमदार दोघंही ते राष्ट्रपती. मतदाराकडून पंतप्रधानाकडे जाणारा थेट बाण कोणी काढला तर तो पुसायचा.

सावध: ‘राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का’ असं सांगून मोकळे होऊ नका. मुलं तेवढंच लक्षात ठेवतात आणि पुढचा टप्पा कोसळतो.

## टप्पा ४: बहुमत जातं तेव्हा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, कारण पुस्तकात तो एका ओळीत उरकलेला असतो. निवडणूक झाली की पाच वर्षं सरकार पक्कं, असं मुलांना वाटतं. १७ एप्रिल १९९९ ची गोष्ट सांगा. वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं. मुलांचे डोळे मोठे होतात, कारण त्यांच्या क्रिकेटमध्येही एका धावेने सामना जातोच.

मग मागच्या रविवारचाच खेळ तीन गटांत खेळा, निकाल ३-२-२ असा ठेवून. आता कोणाकडेच चार नाहीत. दोन गटांना एकत्र यावं लागेल, अटी घालाव्या लागतील. मग मध्येच एका खासदाराच्या कानात सांगा, ‘तू पाठिंबा काढून घे.’ पुढे काय होतं ते मुलांना ठरवू द्या, नियम विचारतील तेव्हाच सांगा. लोकसभेत हाच चारचा आकडा २७२ होतो.

मंत्र्यांचं एकत्र बांधलेलं असणं सांगायला आपल्या घरचं उदाहरण आहे. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्राची भूमिका पटली नाही म्हणून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. मंत्रिमंडळात बसून बाहेर वेगळं बोलता येत नाही, पटत नसेल तर खुर्ची सोडायची.

## टप्पा ५: कायदा तयार करा आणि मग मोडून बघा

हॉल म्हणजे लोकसभा, गॅलरी म्हणजे राज्यसभा. विषय घरचाच घ्या, उदाहरणार्थ ‘जिन्याखाली सायकली ठेवू नयेत’. क्रम पाळा:

१. एकाने विधेयक मांडायचं, फक्त वाचून. चर्चा नाही.

२. तीन जणांची समिती दुरुस्त्या सुचवते. ‘पाहुण्यांच्या सायकलीचं काय?’ असले प्रश्न इथेच निघतात.

३. एकेका कलमावर चर्चा आणि मतदान, मग पूर्ण विधेयकावर मतदान.

४. कागद गॅलरीत जातो. तिथे बदल झाला तर तो परत हॉलमध्ये यायला हवा. दोन्हीकडचा मजकूर शब्दन् शब्द सारखा होईपर्यंत कागद फिरत राहतो. तिढा सुटलाच नाही तर दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक. आजवर ती कायद्यांसाठी तीनदाच झाली आहे: १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये.

५. राष्ट्रपती झालेलं मूल सही करतं किंवा फेरविचारासाठी परत पाठवतं. दुसऱ्यांदा मंजूर होऊन आलं तर सही करावीच लागते. पैशांचं विधेयक मात्र असं परत पाठवता येत नाही, आणि राज्यसभाही ते १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही.

पहिल्यांदा खेळताना मुलं चौथी पायरी हमखास विसरतात. विसरू द्या. मग विचारा, ‘गॅलरीतल्यांनी काय वाचलं होतं?’

हे झालं की दुसरं विधेयक, आणि त्यात मुद्दाम गडबड. आमच्याकडे एकदा मुलांनीच आणलं: ‘तळमजल्यावरच्यांनी लिफ्ट वापरू नये.’ सात विरुद्ध शून्य मंजूर, कारण त्या दिवशी खासदारांत तळमजल्याचं कोणी नव्हतं. सहीसुद्धा झाली. मग तळमजल्यावरचा मुलगा उठला. ‘गच्चीवर पतंग उडवायला मी चालत जायचं?’ तेव्हा एका आजींना न्यायाधीश केलं आणि संविधानाचा अनुच्छेद १४ मोठ्याने वाचला: कायद्यापुढे सगळे समान. आजींनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि कायदा रद्द केला. बहुमत सगळं करू शकत नाही, हे त्या तळमजल्यावरच्या मुलाइतकं दुसऱ्या कोणी मला समजावून दिलेलं नाही.

तपासणी: ‘लोकसभेत सगळ्यांनी हात वर केले तर काहीही कायदा होतो का?’ एकाने जरी ‘हो’ म्हटलं तरी लिफ्टचा खटला पुन्हा चालवा.

## टप्पा ६: आता इतिहास

एव्हाना मुलं स्वतःच विचारतात, ‘हे सगळं ठरवलं कोणी?’ तो प्रश्न येईपर्यंत थांबा. सनावळी या प्रश्नाला टांगली की टिकते.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला आणि ते पूर्णपणे लागू झालं २६ जानेवारी १९५० ला. मधला १५ ऑगस्ट १९४७ फळ्यावर वेगळ्या रंगात लिहा. मुलं (आणि पुष्कळ मोठे) या दोन दिवसांची गल्लत करतात. स्वतंत्र झालो तेव्हा संविधान लिहून व्हायचं होतं, २६ जानेवारी १९५० पर्यंत देशात गव्हर्नर जनरल होते आणि पहिले राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद त्या दिवशी आले.

बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष, हे मुलांना माहीत असतं. त्यापुढचं सांगा, कारण त्यात आधीचे सगळे टप्पे येतात. संविधान सभेवर ते आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणीने ती जागा गेली, मग मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, ज्या संविधानाने सगळ्यांना मताचा हक्क दिला त्याच्याच निवडणुकीत, ते मुंबईतून लोकसभेला हरले. नंतर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. इथे थांबून मुलांना विचारा, ‘राज्यसभेवर कोणी पाठवलं असेल?’ बाणांचं चित्र आठवलं की उत्तर येतं: आमदारांनी.

आणीबाणी गाळू नका, आणि तिच्यावरून कोणाला शिव्याही देऊ नका. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. लोकसभेची मुदत लांबवली गेली, मग निवडणूक झाली आणि पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात हरल्या. तारखा आणि घटना एवढंच सांगा, प्रश्न मुलं विचारतील.

फेरी हवी असेल तर दोनच जागा एका सकाळीत पुरतात. गवालिया टँकचं ऑगस्ट क्रांती मैदान: १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन तिथल्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधींचं झालं आणि ८ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’चा ठराव याच मैदानावर. तिथून मणिभवन, म्हणजे गांधीजींचं मुंबईतलं मुक्कामाचं घर, चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरी जागा हुतात्मा चौक. तिथे फक्त नावं वाचून परतू नका. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो संसदेने केलेल्या कायद्याने, कारण अनुच्छेद ३ प्रमाणे नवं राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे. रस्त्यावरचं आंदोलन आणि दिल्लीतलं मतदान या दोन्ही गोष्टी त्या एका दगडापाशी जोडून दाखवता येतात.

सावध: तीन जागा ठरवू नका. आम्ही राजगृहही (बाबासाहेबांचं दादरचं घर) जोडलं होतं आणि शेवटच्या तासाभरात मुलांचं लक्ष फक्त बर्फाच्या गोळ्यावर होतं.

## टप्पा ७: एक खरं पत्र

सातव्या रविवारी मुलांनी एक खरी तक्रार निवडायची आणि योग्य माणसाला पत्र लिहायचं. निवडतानाच सगळी परीक्षा होते. गेल्या वेळी मुलांनी फुटलेलं गटार निवडलं आणि अर्ध्यांनी खासदारांचं नाव लिहायला घेतलं. मी काही बोलले नाही, भिंतीवरचा पहिल्या रविवारचा चार्ट दाखवला. खाडाखोड करून ते नगरसेवकांकडे वळले. खासदारांनाच लिहायचं असेल तर विषय रेल्वे, पोस्ट, पासपोर्ट असा हवा.

पत्र मराठीत, एका पानात, एकच विषय. जागा नेमकी सांगा: ‘फलाट क्रमांक अमुक, पुलाची दुसरी पायरी’. फोटो जोडा. सही आणि संपर्क मोठ्या माणसाचा असू द्या, मुलांचे पत्ते आणि फोन नंबर नकोत. पत्र पोस्टाने पाठवा आणि पावती चार्टवर ‘केंद्र’ रकान्यात चिकटवा, कारण पोस्ट केंद्राचं.

उत्तर महिनाभरात आलं नाही तर आठवणीचं दुसरं पत्र, पहिल्याची तारीख टाकून. आमच्या गटाराच्या पत्राला उत्तर आलं नाही. तिसऱ्या पत्राच्या आधी दोन माणसं येऊन झाकण बसवून गेली. ते पत्रामुळे की पावसाळा आला म्हणून, यावर मुलांचे अजून दोन पक्ष आहेत.